हजच्या आधीची माफी

गोरेगावच्या बस स्टँडवर गोंदियाची गाडी काही केल्या येत नव्हती. अनुसयाबाईच्या मागच्या बाकावर दोन म्हातारे बोलत बसले होते, आणि कानाला काही झाकण नसतं.

"हजले कधी जाऊन राहिले, करामतभाई?"

"पुढच्या हप्त्यात. पण आधी सगळ्यायची माफी मांगा लागते, दुधराम. ज्याचं मन दुखवलं त्यानंच माफ नाही केलं, तं हज करून काय फायदा?"

"मंग मांगली?"

"पूरा मोहल्ला फिरलो. ज्याच्याशी वावराच्या धुऱ्यासाठी, बांधासाठी भांडलो होतो, त्याच्या घरी चाय पिऊन आलो."

"अन् घरी? भाभीची?"

"काल जुलेखापुढं हात जोडले. माफ केलं म्हणाली."

"मंग झालं ना."

"माही गोष्ट पूरी व्हायच्या आधीच म्हणाली. मी ओरडलो का तशीच हो म्हणे, जिंदगीभर."

"आता तुम्ही बदलले ना, भाऊ. कोणावर आवाज चढवत नाही."

"आठ वर्षं झाली, हात नाही उगारला. तरी दुवेसाठी हात वर केले का अंग चोरते."

"पुन्हा मांगून पाहा."

"दहा वेळा मांगीन, दहा वेळा माफ केलं म्हणन ती. नाही म्हणायची हिंमतच नाही ठेवली मी तिच्यात."

नळावरून पाण्याची बाटली भरून एक म्हातारी लंगडत आली.

"जुलेखा, पाय दुखत असन तं बस इथं..."

"नाही दुखत जी."

ती उभीच राहिली. अनुसयाबाईनं पिशवी मांडीवर घेतली आणि शेजारची जागा मोकळी केली. म्हातारी गुडघा धरून तिथं बसली.