आंब्याखालच्या शेतातला ओला बांध

पोलीस ठाणे कर्जत, ता. १८ मे १९३४

मी कोंडाजी बाळू ठोंबरे, वय सुमारे ५०, धंदा शेती, राहणार कळंब, तालुका कर्जत, जिल्हा कुलाबा, समक्ष हजर राहून जबाब देतो की,

माझा धाकटा भाऊ धाऊ फाल्गुनात तापाने वारला. मागे बायको ठकी व मुलगी जना. मुलगा नाही. आम्ही एकत्र, चूल एक, शेताचे वाटप झालेले नाही. वकिलांनी सांगितले की, एकत्रातला भाऊ मुलाविना गेला की त्याचा हिस्सा उरलेल्या भावाचा; विधवेला फक्त अन्नवस्त्र. तो मरणाआधी, नुसते तोंडी सांगून का होईना, वेगळा निघाला असता तर अर्धे शेत ठकीचे व तिच्यामागे जनाचे झाले असते. तो निघाला नव्हता.

सोमवारी दुपारी मी शेतात आंब्याखाली भाकरी खाल्ली. तांब्या विसळून वळलो तर मधोमध दोन हात नवा बांध. मंगळवारी दहा हात. माती ओली होती. आमची विहीर चैत्रातच आटली आहे. काल पाठमोरा बसलो असता टाच मारल्याचा आवाज आला. दोनदा, मग थांबून दोनदा. धाऊ बांध घालताना प्रत्येक ढेकळावर दोनदा टाच मारी, मी त्याला हसत असे. मी वळून पाहिले नाही. मला भीती वाटली.

माझा संशय ठकीवर. कर नाही त्याला डर कशाला, बोलवा तिला, असे मीच म्हटले. पण पोलीस पाटलांच्या चौकशीत ती महिनाभर खालापूरला माहेरीच असल्याचे निघाले. तिला खुंट्यांची जागाही ठाऊक नाही, आणि बांध बरोबर तिथूनच जातो.

हवालदारांनी विचारले, कसल्या खुंट्या. त्यावर सांगतो की, ताप येण्याआधी धाऊने शेतात पाच सागाच्या खुंट्या ठोकल्या. मला म्हणाला, "दादा, आजपासनं मी न्यारा हाय. माझं अर्धं ठकीला, मागनं जनीला. आता यात बदल नाय." तेथे आम्ही दोघेच होतो. तेराव्यानंतर त्या खुंट्या मीच उपटून चुलीत घातल्या. शेत जाईल म्हणून हे कोणाला सांगितले नाही.

बांध पुरा व्हायला चार हात उरले आहेत. ठकीवर माझी तक्रार नाही. तिला निरोप द्यावा, तिने येऊन आपले अर्धे पाहावे. मी तेथे एकटा जाणार नाही.

हवालदारांनी सर्व मोठ्याने वाचून दाखवले. धाऊचे शब्द मी दोनदा वाचायला लावले. ते तो बोलला तसेच आहेत.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, कोंडाजी बाळू ठोंबरे