पुण्याला न गेलेला नमुना

—छे छे, छत नाही गळत. शेड भाड्यानं घ्या नि बिनधास्त मिरची भरा, दीपकभाऊ. शिरपूरहून एवढ्या उन्हात आलात, बसा जरा. ही खोकी? मोडेम आहेत. अहो, फोनच्या तारेला कॉम्प्युटर जोडायचा डबा! कीं-खर्रर्र करायचा, मग इंटरनेट लागायचं — आठवतं ना? तो इथं बनायचा. ह्याच शेडमध्ये, नरडाण्यात! मी आणि माणकचंद, दोघांचा कारखाना. धुळ्याला पॉलिटेक्निकला एका बाकावर होतो — इथं तो डब्यातला सर्किट बोर्ड आखायचा, मी माल विकायचो. नव्व्याण्णव साली साठ बाया होत्या इथं, दोन पाळ्यांत. भागाबाई तर डब्याला नुसता कान लावून मला म्हणायची — ‘नाना, हाऊ मुका शे!’, हा मुका आहे — की उघडून बघा, आत तारेचा टाका सुटलेला असायचाच. इंदूर, नागपूर, सुरत... माल पुरायचा नाही हो!

मग काय? मग ब्रॉडबँड आलं. माणकचंद दोन वर्षं आधीपासून सांगत होता — चुडामण, हा डबा आता चालायचा नाही. मी ऐकतोय कशाला? त्यानं आपलं घरी बसून, सहा महिने खपून नवा मोडेम केला. ब्रॉडबँडचा. पुण्याच्या एका कंपनीनं नमुना मागितला होता. मी म्हटलं, दे, मी पाठवतो. महिन्यानं त्याला सांगितलं — नापास झाला. त्यानं खरं मानलं. वर्षभरात बाया घरी गेल्या, शेडला कुलूप लागलं, आणि माणकचंद सुरतेला कुणाच्या दुकानात टीव्ही दुरुस्त करायला बसला. त्याच्यासारखा माणूस — टीव्ही!

नापास कसा झाला? — अहो, मी पाठवलाच नव्हता. कपाटात होता, माझ्या. का म्हणजे... पास झाला असता तर सगळे म्हणाले असते, कारखाना माणकचंदनं वाचवला. चुडामण कोण? विकणारा. बस, एवढंच. एवढ्यासाठी. — पाणी घेता का? हे मी आजवर कुणाला... घ्या, पाणी घ्या.

गेल्या पौषात वारला तो. दोंडाईच्याला त्याच्या घरी दारावर बसायला, सांत्वनाला गेलो तर त्याची बायको, चेलनाभाभी म्हणते, ‘शेवटपर्यंत एकच बोलायचे, भाऊ — माझा बोर्ड कच्चा निघाला, चुडामणचा कारखाना माझ्यापायी बुडाला.’ मी काय केलं? मान हलवली. चहा दिला तो प्यालो. बसनं परत आलो.

आता तरी सांगून टाका म्हणता? बायको जाऊन सहा वर्षं झाली, दीपकभाऊ. घरात मी एकटा. भाभी दर रविवारी फोन करते — ‘भाऊ, जेवलात का?’ — आठवड्यात तेवढंच कुणीतरी विचारतं. तिला सांगू? आणि मग रविवारी काय करू?

भाड्याचं? नाही... राहू द्या. नाही द्यायची शेड. रोज तुम्ही समोर येणार, आणि तुम्हाला हे माहीत — नको. पुढच्या गल्लीत दोन रिकाम्या आहेत, तिकडं विचारा. निघा तुम्ही. निघा म्हटलं ना!