श्रीमंतांच्या चरित्राचे आठ गठ्ठे

दिनांक ४ फेब्रुवारी २०२६

मी, कोकिळा रघू पाष्टे, वय ५५ वर्षे, धंदा खाडीतली कालवं-खुबे काढून बोर्ली पंचतनच्या बाजारात विकणे, राहणार मौजे कांदळी, तालुका श्रीवर्धन, आई मनुबाईसोबत. बोलावल्यावरून पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

कांदळी राजवाड्याचे मॅनेजर चिराग यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे की, दिनांक १ रोजी मी श्रीमंत विश्वंभरराव यांच्या अधिकृत चरित्राच्या चाळीस प्रती खाडीत फेकल्या. प्रती मी फेकल्या, हे खरं आहे. चाळीस होत्या, हेही खरं आहे. का फेकल्या ते तक्रारीत नाही, म्हणून सांगते.

आमचं संस्थान अकरा गावांचं होतं. ते जाऊन पाऊणशे वर्षं झाली, राजवाड्याला मात्र कोणी कळवलेलं दिसत नाही. तिथे आता मुंबईचे पाहुणे मांडव्याला उतरून, गाडी करून येतात आणि हत्तीखान्यात बसून नाश्ता करतात. हत्ती कधीच नव्हता. विश्वंभररावांना गाव अजून सरकार म्हणतं, ती नुसती सवय आहे.

सन १९६८ मध्ये सरकार नऊ वर्षांचे असताना खाडीच्या चिखलात कमरेपर्यंत रुतले. माझी आई तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिने फळी टाकून, पोटावर सरपटत जाऊन त्यांना ओढून काढलं. माझा तेव्हा जन्म झाला नव्हता, म्हणून ही ऐकीव माहिती असं लिहावं. पण त्यांच्या वडिलांनी त्याच वर्षी मान ठरवून दिला की, शिमग्याची पालखी आधी मनुबाईच्या दारी थांबेल, मग राजवाड्यावर. तशी ती सत्तावन्न वर्षं थांबत आली आहे. हे ऐकीव नाही.

चरित्राचं नाव ‘लाटांवर स्वार’. मुंबईचे लेखक केतन यांनी ते लिहिलं. लिहिण्यासाठी ते राजवाड्यात चार महिने राहिले, आमच्या दारी चार मिनिटंही आले नाहीत. पान त्रेचाळीसवर छापलं आहे की, पौर्णिमेच्या संध्याकाळी सहा वाजता खाडीला उधाण आलेलं असताना नऊ वर्षांच्या युवराजांनी उडी घेतली, पोहत जाऊन एका बुडणाऱ्या बाईला वाचवलं, आणि तिची दया येऊन थोरल्या सरकारांनी तिला पालखीचा मान दिला. पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास असते. संध्याकाळी सहाला खाडीत बगळासुद्धा पोहू शकत नाही, चालतो. आमच्याकडच्या शेंबड्या पोराला हे कळतं. एवढ्या जाड पुस्तकात, एवढ्या शिकल्या-सवरल्या माणसांत ते कोणाला कळलं नाही.

जानेवारीत राजवाड्याने त्या पानाची झेरॉक्स गावकीला पाठवली आणि कळवलं की, यंदापासून पालखी थेट राजवाड्यावर यावी. आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे. तिने मला ते पान दोनदा वाचायला लावलं आणि त्या दिवशी जेवली नाही. मला त्या पुस्तकाची किळस आली, हे मी लपवत नाही.

दिनांक १ रोजी माघी पौर्णिमेला राजवाड्याच्या खाडीकडच्या अंगणात प्रकाशन होतं. सगळ्या गावाला बोलावणं होतं. मी आईला रिक्षाने नेलं, तिला बांधाजवळ खुर्ची मिळाली. भाषणं संपली तेव्हा सहा वाजत आले होते आणि खाडी पूर्ण ओसरली होती. लेखकांना ‘त्या ऐतिहासिक जागी’ फोटो हवा होता. ते बांधावरून खाली उतरू लागले. मी म्हटलं, “साहेब, उतरू नका, रेवा हाय, मानूस रुततो त्यात.” ते म्हणाले, “मावशी, या जागेचा मी अभ्यास केलाय.” सातव्या पावलाला ते मांड्यांपर्यंत गेले. पाय उपसायला लागले तसे कमरेपर्यंत.

सगळे बांधावरून मोबाईल धरून उभे होते. माझी फळी घरी, आणायला वीस मिनिटं लागली असती, आणि भरती सुरू व्हायची वेळ झाली होती. टेबलावर प्लॅस्टिकमध्ये बांधलेले पुस्तकांचे आठ गठ्ठे होते, कडक पुठ्ठ्याचे. ते मी एकापुढे एक चिखलावर टाकले, त्यावर स्वागताचा फ्लेक्स पसरला आणि पोटावर सरपटत गेले. चरित्राने वजन चांगलं पेललं. त्याचा तेवढा उपयोग मी नाकारत नाही.

लेखक घाबरून हातपाय मारत होते, माझं ऐकेनात. तेवढ्यात मागून सरकार ओरडले. एरवी ते आमच्याशी अर्धं इंग्रजीत बोलतात. तेव्हा ओरडले, “आडवा व्हय! पाय वढू न्हको! चिखलाव झोप, मंग सोडतो त्यो!”

हे शब्द माझ्या आईचे आहेत. रुतलेल्या प्रत्येक माणसाला ती हेच सांगत आली आहे. पोहून गेलेल्या माणसाला ते माहीत असायचं कारण नाही.

लेखक आडवे झाले, मी त्यांना ओढून आणलं. आई खुर्चीवरून म्हणाली, “सरकार, पाठ हाय म्हना अजून.” सरकारांनी मान खाली घातली आणि ते आत गेले.

दिनांक २ रोजी गावकी बसली. पालखी आधी मनुबाईच्या दारी, असं एकमताने ठरलं. मी घरी येऊन सांगितलं तर आई एवढंच म्हणाली, “आंगन सारवाय घे.” त्यानंतर, दिनांक ३ रोजी, राजवाड्याला पुस्तकांची आठवण झाली आणि ही तक्रार आली.

तक्रारीत असंही लिहिलं आहे की, लेखकांना श्रीमंतांनी प्रसंगावधान राखून वाचवलं. दुसऱ्या आवृत्तीची तयारी चालू असावी. लेखक केतन बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांना कोणी ओढलं, हे त्यांनाच विचारावं. गठ्ठे अजून जागेवर आहेत. राजवाड्याने ओहोटीला येऊन न्यावेत, फळी मी देईन.

माझा जबाब हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितलं तसाच तो आहे, एक ओळ वाढवून घेतली ती अशी: खाडीत पाणी नव्हतं आणि मी कुठेही पोहले नाही.