तरवडगावच्या वेशीतला म्हादू

ऐका. अन् ती शेकोटी जरा माझ्याकडं सारा, गुडघ्यांना ऊब लागंना झालीय. जावईबापू, तुमी शहरातले, तुमी हसनार. हसा! पन माघारी ओढ्याच्याच वाटेनं जायाचंय तुमाला, येवढं ध्यानात ठेवून हसा.

तर माझी सख्खी आत्या, ठकूआत्या, अशाच काळ्याकुट्ट अंधारात बोरसरातनं एकटी निघाली. संगं कुनी न्हाई. कंदील न्हाई. दोन्ही हातांत एक मडकं अन् मडक्यात राखंखाली विस्तव. कुठं निघाली? हितं! ह्या तरवडगावात! अन् हितं तवा काय व्हतं? पडक्या भिंती, माजलेला तरवड, अन् वेशीत म्हादू.

थांबा, आधी म्हादूचं सांगतो. न्हाईतर मधीच कुनीतरी इचारील अन् माझी गोष्ट मोडंल.

माझ्या आज्याच्या काळात हे गाव नांदतं व्हतं. मग पटकी आली. सकाळी जित्ता मानूस सांजंला सरनावर. म्हादू गावचा जागल्या. त्याला पंचांनी सांगितलं, "म्हादू, वेस सोडू नगं. इचारल्याबिगर कुनाला आत घेऊ नगं." म्हादू बसला काठी घिऊन. अन् एका राती उरलंसुरलं गाव मागच्या अंगानं उठलं. पोरंबाळं, शेरडं, भांडी, समदं नेलं. पन वेशीत जाऊन म्हादूला कुनी सांगितलं का? न्हाई! घाईत इसरले लोक. त्यो बसला तिथंच. तिथंच गेला. पन पहारा काय सुटला न्हाई त्याचा.

तवापासनं अंधारात त्या वाटंनं जो जाईल त्याला काठी ऐकू यायची. ठक्. ठक्. अन् मग आवाज, "कोन गावचा?" मानूस आपल्या गावाचं नाव सांगायचा, अन् झालंच! रातभर चकवा. इकडनं तिकडं, तिकडनं इकडं. उजाडल्यावर बघावं तर गडी भलत्याच शिवारात, धोतर काट्यांत.

आपली मानसं बोरसरात ऱ्हायली. ऱ्हायली म्हंजी काय, उपरी म्हनून ऱ्हायली. पोळ्याला आमची बैलं समद्यांच्या शेवटी. मिरवनूक संपली, वाजवनारे घरी गेले, की मग आमची जोडी मारुतीला न्यायची. माझा बाप शिंगं रंगवायचा अन् रंग वाळायची वाट बघत बसायचा. राग येतो मला अजून. येतोच!

मग निघाला नवा तालुका. आधी कागदाच्या कामाला पार घाटाखाली जावं लागायचं, येक मुक्काम वाटंतच. आता कासारपेठ तालुका हुनार, हाकेच्या अंतरावर! समदी खूस. गावं ठरायला लागली. बोरसर आलं, हिवरदरा आला, वाड्या-वस्त्या आल्या. अन् तरवडगाव? साहेब म्हनले, "ते बेचिराख आहे." बेचिराख म्हंजी जिथं दिवा लागत न्हाई असं उजाड गाव. "नाव काढून शिवार बोरसरात घालू."

आमची मानसं पाया पडली. साहेब भला मानूस. म्हनला, "उद्या उजाडता उजाडता त्याच वाटेनं जाणार आहे. चूल पेटलेली दिसली, माणूस राहताना दिसलं, तर गाव ठेवतो. नाही तर माझा इलाज नाही."

सांजंला निरोप आला. अन् आमचे बापये? येक म्हनला, "पाठीत उसन भरलीया." दुसरा म्हनला, "पहाटं बघू." माझा बाप तापानं अंथरुनात, त्याला उठवंना. समद्यांच्या पोटात म्हादू बसला व्हता!

ठकूआत्या नवरा वारल्यावर माहेरी आलेली. सासरचे म्हनले तू आमची न्हाई, बोरसरवाले म्हनायचे तू आमची कुठली? ती उठली. चुलीतला विस्तव मडक्यात घेतला. का, काडेपेटी नव्हती का घरात? व्हती की! पन तो विस्तव माझ्या आज्यानं, राघू तांबट्यानं, तरवडगावातनं उठताना संगं आनलेला. रोज राती राखंत झाकायचा, रोज सकाळी फुंकायचा. कधी इझू दिला न्हाई. आत्या म्हनली, "ह्यो जिथला हाय तिथं नेते."

अन् निघाली.

ओढ्यापाशी आली. मागनं हाक. "ठकूऽ! अगं, फीर माघारी!" आईचा आवाज! आई कवाच मेलेली. आत्यानं मान वळवली न्हाई. चालत ऱ्हायली.

म्होरं बाभळ लागली. वाकडी, येका फांदीला सुगरनीचा खोपा. ती मागं टाकली. चालली, चालली, अन् म्होरं बाभळ. वाकडी. फांदीला खोपा! पुन्यांदा चालली. पुन्यांदा तीच! अन् वारं सुटलं, थेट मडक्यात घुसनारं. तिनं पदर गुंडाळला, मडकं पोटाशी धरलं. हात भाजले, सोडलं न्हाई.

मग ठक्. ठक्. ठक्.

वेशीत घोंगडं उभं. कमानीयेवढं उंच! वर डोकं न्हाई, खाली पाय न्हाई. नुसतं घोंगडं अन् काठी.

"कोन गावची?"

आत्याची बोबडी वळली. तोंडातनं गेलं, "बोरसरची."

घोंगडं फिरलं. समदं फिरलं. अन् आत्या पुन्यांदा ओढ्यापाशी! अन् विस्तव? काळा पडत चाललेला.

पळत सुटली. काटं मोडले पायात. पुन्यांदा वेस, पुन्यांदा घोंगडं. आता तर आंगावरच वाकलेलं, गार वाफ तोंडावर.

"कोन गावची?"

"सासर हिवरदऱ्याचं, बाबा. बोरसरला भावाकडं..."

गरगर फिरली. धाडदिशी ओढ्यात! मडकं वर धरलं म्हनून ऱ्हायलं. राख उकरून बघितली. येकच निखारा, जोंधळ्याच्या दान्यायेवढा.

तिथं ती रडली. अन् मग, बापहो, तिला जो राग आला! भूत ऱ्हायलं बाजूला, तिला बोरसराचा राग आला, सासरचा आला, आपल्या तोंडाचाबी आला. तरातरा वेशीत गेली. घोंगड्यानं काठी उगारली.

"कोन गावची?"

"तरवडगावची!" असं वरडली की ओढ्यापल्याडची कुत्री भुंकली. "ह्या वेशीतली! राघू तांबट्याची लेक हाय मी! हिवरदरा माझा न्हाई, बोरसर माझं न्हाई. माझ्या घराचा विस्तव घिऊन माझ्या घरी आले. म्हादूतात्या, बाजूला सर!"

काठी वरच्या वर ऱ्हायली.

वारं पडलं. घोंगडं खाली खाली आलं, मानसायेवढं झालं. अन् आतनं म्हाताऱ्याचा आवाज आला, लई थकलेला.

"राघूची? ...लई उशीर केलासा, बाय."

आत्याचा राग कुठल्या कुठं पळाला. "चुकलं तात्या आमचं," म्हनली. "तुला सांगायला पायजे व्हतं."

"बाकीची?"

"येत्यात. उजाडलं की येत्यात. आता तू टेक. पहारा मी करते."

काठी जमिनीला टेकली. घोंगडं तिच्या पायापाशी पडलं. रिकामं.

तेच घोंगडं आडोशाला धरून आत्यानं तीन दगडं मांडली, काटक्या घातल्या, अन् फुंकलं. फुंकलं, फुंकलं... अन् जाळ झाला!

उजाडता उजाडता साहेब आला. बघतो तर वेशीत चूल, चुलीवर पानी, अन् बाई शेनानं सारवतीया. म्हनला, "बाई, एकट्याच राहता?"

आत्या म्हनली, "एकटी कशी, साहेब? आमच्या गावाला जागल्या हाय."

साहेबानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, अन् टोपी काढून कपाळ पुसलं. तवर बोरसरातनं आमच्या मानसांना धूर दिसला व्हता. निघाल्या की गाड्या! पाठीत उसन भरलेला गडी समद्यांच्या म्होरं पळत! माझा बाप तापातनं उठून गाडीत बसलेला, मी त्याच्या मांडीवर. कासारपेठ तालुक्यात तरवडगाव ऱ्हायलं. बोरसरात गेलं न्हाई.

त्या साली पोळ्याला वाजवनारे थेट आपल्या वेशीत आले. माझ्या बापानं शिंगं रंगवली, अन् रंग वाळायच्या आतच जोडी निघाली. ओल्या रंगानं त्याचा सदरा लाल-निळा झाला. त्यानं तो कधी धुवू दिला न्हाई.

तर ऐका, त्या वाटंला रातीचं जाऊ नगा, असं आमचे म्हातारे सांगायचे. मी सांगतो, उपरं होऊन जाऊ नगा. जावईबापू, हसू कुठं गेलं? भिऊ नगा. काठी वाजली तर सांगा, तरवडगावचा जावई. त्यो वाट सोडतो. अन् जाताना वेशीतल्या दगडावर येवढी पुरनाची पोळी ठेवून जा. आमच्यात कुनीबी जेवायच्या आधी म्हादूतात्याला वाढायचं असतं. त्याचं पान शेवटी मांडायचं न्हाई.