महासंगणकावरचा मंगळवार

थोरला : तुमचा कोणाचाच विश्वास बसणार नाही! मंगळवारी देशाचा महासंगणक माझ्या एकट्याच्या ताब्यात होता. अख्खा!

धाकटा : अख्खा, दादा? त्यावर तर सगळ्या देशाची कामं रांगेत असतात.

थोरला : होती ना! औषधवाले, विमानवाले, सगळ्यांना बाजूला सारलं. तिथले लोक म्हणाले, सर, तुमचा पुराचा अंदाज आधी. नदी काय कुणासाठी थांबणार आहे? आणि काम सुरू झालं मात्र, यंत्र असं तापलं की गच्चीवरची कबुतरं एक पाय वर धरून उभी!

वहिनी : आणि दुसरा पाय?

थोरला : तो आळीपाळीनं. अगं, मंगळवारी आपला दिवासुद्धा मिणमिणला, आठवतं?

वहिनी : तो गेल्या वर्षापासून मिणमिणतोय. बदला म्हणून सांगून थकले.

थोरला : ते असू दे. काय रे, तुझ्या कारखान्यातला पंखा अजून घरघरतोच का?

धाकटा : नाही, सुटलं ते कोडं. पात्याच्या टोकाशी हवेचा भोवरा व्हायचा. महासंगणकावर स्पष्ट दिसला. टोक जरा वाकवलं, आवाज गेला.

थोरला : वा! मी जन्म नदीकाठी घालवला आणि यंत्र मिळालं पंखेवाल्याला. लहानपणी सायकलही तुलाच आधी. उद्या शिट्ट्या बनवणाऱ्यांनाही देतील!

धाकटा : उद्योगांनाही देतात आता, दादा. आणि मी छोटासा कोपराच मागितला होता. दोन मोठ्या कामांच्या मधे फट पडते, तिथे छोटं काम घुसवतात. तूही तुकडे करून पाठवलंस तर—

थोरला : नदीचे तुकडे? मी कोपरे मागत नसतो. मागायचं तर अख्खं!

वहिनी : पण पाणी कुठवर चढेल ते खालच्या वस्तीला नदी फुगायच्या आत सांगायचंय ना? मग सांगितलंत?

थोरला : सांगणार. आकडे अजून थंड होतायत.

वहिनी : भाऊजी, तुमचा पंखा त्या यंत्रावर कधी चालला?

धाकटा : जाऊ द्या ना, वहिनी.

वहिनी : कधी?

धाकटा : ...मंगळवारीच. दिवसभर.

वहिनी : अहो, म्हणजे तुमची नदी अजून रांगेतच उभी आहे.