मौजे बोरगव्हाण येथील नाहीसा झालेला उकिरडा

तारीख १४ मे १९६२. नाव सुभद्राबाई जोजे सहदेव तायडे, वय अंदाजे पंचेचाळीस, धंदा शेती व मजुरी, धर्म बौद्ध, राहणार मौजे बोरगव्हाण, जिल्हा अमरावती. धर्माच्या जागी लिहिणाऱ्याने आधी जुनी जात लिहिली होती, ती मी खोडायला लावली.

समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, मला तीन एकर काळे वावर आहे. घरामागे माझा उकिरडा होता. म्हशीचे शेण, चुलीची राख, तुरीचा पाला असे सगळे त्यात कुजत असे. दरवर्षी वरचे खत मृगाआधी वावरात टाकते, तळचे मुरू देते. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते म्हणतात. माझ्याची त्याआधीच फिटली, ती अशी.

चंद्रभान नावाचा इसम टेरेलिनचा शर्ट घालून गावात आला व बंद पडलेल्या कापसाच्या जिनाच्या शेडमध्ये उतरला. अमरावतीस राजापेठेत राहतो असे तो सांगतो. तो माझ्या घरामागे येऊन म्हणाला, "मावशी, तुमचं खत म्हंजे सोनं हाये. घमेलंभर तपासाले नेतो." माझ्या खताला आजवर कोणी चांगले म्हटले नव्हते. मला बरे वाटले, म्हणून नेऊ दिले.

नंतर मी मुलीच्या बाळंतपणासाठी परतवाड्यास गेले. परत आले तो खड्डा रिकामा. झाडूसुद्धा मारलेला होता. सांडलेल्या खतामागे चालत मी शेडपर्यंत गेले. तेथे पिंपात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात माझे खत भिजत होते. गोणपाटातून गाळलेल्या काळ्या पाण्याच्या बाटल्यांवर ह्युमिक अ‍ॅसिड अशी चिठ्ठी असल्याचे तेथील गड्याने सांगितले. काही पाण्यात तेजाब टाकून गाळ खाली बसवला होता. वरचे पिवळे पाणी म्हणे फुलविक, ते त्याहून भारी. गाळून टाकलेल्या चोथ्यात मला एका कपाचा तुटका कान सापडला, तो मी ओळखला. किसनराव पाटलांकडे मला चहा देण्यासाठी हा कप बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. छप्पन साली बौद्ध झाल्यावर मी तो मागून आणला व उकिरड्यावर फोडला.

मी तक्रार घेऊन चावडीवर गेले. तेथे चंद्रभानच्या कपाशीच्या औषधाची सभा भरली होती. अ‍ॅसिड शब्दाने मंडळी बिचकली होती. पाटील म्हणाले, "अ‍ॅसिड म्हंजे तेजाब. कपाशी जाळतं काय बे?" चंद्रभानने काळे पाणी तळहातावर घेऊन चाटून दाखवले. मग पाटलांनी उजवा हात पुढे केला. पाटलांनी घेतले म्हटल्यावर सगळे रांगेला लागले. सवयीप्रमाणे डोळे मिटून प्यायले व ओला हात डोक्यावरून फिरवला. समन्स घेऊन गावात आलेले हवालदार वामनराव हेही रांगेत होते. त्यांनी दोनदा घेतले.

मी म्हणाले, "पाटील, थे माह्या उकिरड्याचं पानी हाये." आणि कपाचा कान दाखवला. पाटलांनी कान हातात न घेताच पाहिला. मग म्हणाले, "असा कप आमच्या घरी कधी नोयता." मागून कोणी म्हणाले, "तिचं काहून आयकता? जर्मनीचं औषध हाये थे." दोघेजण चावडीमागे जाऊन चुळा भरून आले, मात्र औषध जर्मनीचेच असे त्यांनीही सांगितले.

पंचनामा झाला. त्या जागी उकिरडा कधीच नव्हता, असे पंचांनी सांगितले. मग खड्डा कशाचा, असे मी विचारले तर म्हणाले, पहिल्यापासून आहे. पंचही रांगेत होते. माझे खत परत करायचे तर ते माझे होते हे कबूल करावे लागते, आणि ते कबूल केले की काय प्यायलो तेही कबूल होते. म्हणून अख्खे गाव त्या चंद्रभानला पाठीशी घालत आहे. मला याचा फार राग आला आहे.

ही मंडळी माझ्या हातचे पाणी घेत नाहीत. उकिरड्याचे घेतले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्याची त्याची आवड. माझी तक्रार खताची आहे. ते मृगाआधी न मिळाल्यास माझी कपाशी गुडघ्यावर येणार नाही व मला वर्षभर पाटलांच्या वावरात निंदायला जावे लागेल. तेथे कोनाड्यात नवा कप ठेवलेला असेल. तो मला प्यायचा नाही. जुन्या कपाचा कान हजर करत आहे.

हा जबाब हवालदार वामनराव यांनी लिहून घेतला व मला वाचून दाखवला. वाचताना रांगेतले एक नाव त्यांच्याकडून राहिले. मी ते परत वाचायला लावले. त्यांनी वाचले, दोनदा घेतले हेही वाचले. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सुभद्राबाई तायडे हिची डाव्या अंगठ्याची निशाणी.