गुरुवारचे घड्याळजी

हॅलो? … हां, बोला… हॅलो?

अगं बेबी, तू होय! … नाही गं, मोकळीच आहे, बोल. … धापा कशाला टाकतेयस? … हो, जेवले. … हो, गोळीही घेतली. … घेतली म्हटलं ना! मोठी बहीण मी का तू?

काय? … कोणी बघितलं? … तुझ्या लेकीनं? इंटरनेटवर? … माझं घड्याळ विकायला? काहीतरीच काय… अगं ऐक ना, खिशातली जुनी घड्याळं विकणारे पुष्कळ असतात. तिला सगळी सारखीच दिसणार. तुलाही सारखीच दिसतात.

मी पाठवला होता त्या फोटोसारखं? कुठल्या? … हां, मागचं झाकण उघडून काढलेला. तो तिनं जपून ठेवलाय? खरंच? … मला वाटायचं, माझे फोटो तुम्ही मायलेकी न उघडताच पुसून टाकता.

बरं, तो विकायचा फोटो आहे का तुझ्यासमोर? … मग मोठा कर. दोन बोटांनी. … झाला? आता सांग, काय दिसतंय. … नुसतं 'नक्षी' काय, नक्षी घड्याळांच्या आतल्या खूप मशीनवर असते. नीट सांग. … हं… मधोमध चांदणी… तिच्याभोवती लाटा… हो, पाण्यात खडा टाकल्यावर उठतात तशा… आणि रंग? … एक लाट सोनेरी, एक पांढरी. … हं.

बेबी, उजवीकडे खाली एक स्क्रू आहे बघ. निळा, बारीकसा. त्याच्या शेजारी ओरखडा दिसतोय का? केसाएवढा. … चष्मा लाव आधी. … आहे?

…

नाही, नाही, फोन चालू आहे. ऐकतेय मी.

माझंच आहे ते. … अगं, तो ओरखडा माझ्याच हातचा. स्क्रूड्रायव्हर सटकला होता. जन्मभर लोकांच्या दाढा कोरल्या, तिथे कधी हात हलला नाही, आणि स्वतःच्या घड्याळावर… हो, तेच ते. ज्याच्यासाठी मी इतकी वर्षं डोळे लावून बसले होते. ती नक्षी फारच थोड्या मशीनवर निघाली गं. कारागिरानं मशीनची एकेक पट्टी फिरत्या चाकावर धरून काढलेली. तशी दुसरी मी तरी पाहिलेली नाही.

अगं ओरडू नकोस! घर-बिर काही फोडलेलं नाही कोणी. … कुलूप शाबूत आहे. … घड्याळांचा कप्पा कशाला बघू? भरलेला आहे. … हो, ते घड्याळही आहे त्यात. … वेड नाही लागलेलं मला! ऐकून तर घे. घड्याळ आहे, आतलं मशीन नाही. … म्हणजे बाहेरची डबी माझी, काटे माझे, तबकडी माझी. आत दुसरं मशीन बसवलंय, त्याच मापाचं. पुढून कुणाच्या बापाला कळणार नाही. चालतंही झकास. फक्त मागचं झाकण उघडलं की… नुसत्या रेघा. पट्टी धरून मारल्यासारख्या.

कोणी म्हणजे… घड्याळजींनी. … ते म्हातारे नव्हेत. त्यांची नजर गेली, दुकान बंद केलं त्यांनी. हे नवे. घरी येतात, दर गुरुवारी. एक घड्याळ घेऊन जातात, साफ करून, तेल घालून पुढच्या गुरुवारी आणून देतात.

… 'ते' नाही तर काय म्हणू? … बरं बाई, चोर. चोर तर चोर. पण म्हणून अरे-तुरे नाही येत माझ्या तोंडात. चांगले पन्नाशीचे आहेत.

मला ना? … तेव्हाच कळलं. … आज कसं? तेव्हाच, ते परत घेऊन आले त्याच दिवशी. ते चहा पीत होते आणि मी नेहमीसारखं खिडकीशी जाऊन, त्यांच्याकडे पाठ करून झाकण उघडलं. … नाही. … काहीच नाही बोलले. "छान चालतंय," म्हटलं आणि झाकण लावून टाकलं.

ऐक ना… अगं ऐक… बेबी, आधी श्वास घे. तुझं बीपी वाढेल, मग भाचीची बोलणी मला खावी लागतील. … नाही, घाबरले नव्हते. घाबरायला आहे काय त्यांच्यात? पंख्याखाली बसवलं तर उडून जातील.

मग का, ते सांगते. पण मधे बोलायचं नाही.

तुझे भावजी गेल्यापासून… आता कसं सांगू… मधे एकदा दारावर कुरिअरवाला आला. मी 'कोण आहे' म्हणायला गेले, तर आवाजच फुटेना. फुटला तो असा घोगरा, मीच दचकले. वाटलं, घसा धरला. गरम पाण्यानं गुळण्या करत बसले. मग लक्षात आलं, घशाला काही झालेलं नाही, मी परवापासून कोणाशी बोललेच नव्हते. … हो गं, तुझा फोन असतो. असतोच. जेवलीस का, गोळी घेतलीस का, गॅस बंद केलास का. मी हो, हो, हो म्हणते, की झालं. … टोमणा नाही मारत. तुझ्याही मागे व्याप कमी आहेत का?

आणि हे गृहस्थ पहिल्यांदा आले ना, मी ते चांदणीचं घड्याळ उघडून खिडकीशी धरलं. उन्हात जरा तिरकं केलं की त्या लाटा हलतात, अगदी हलतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि चहावर साय धरली तरी मान वर केली नाही. मग म्हणाले, "डॉक्टर, पुढच्या बाजूला एवढी मेहनत कोणीही करील. ही मागे केलीय."

…

बेबी, हे वाक्य मी कधीपासून कोणाच्या तरी तोंडून ऐकायला बसले होते! भावजी आठवतात ना तुझे? "वेळ पुढे दिसते, तू मागे काय शोधतेस?" प्रेमानंच म्हणायचे, पण कधी बघितलं नाही. … तू तरी कुठे बघितलंस?

मग काय, बसायचे. तास तास बसायचे. दुसऱ्या एका घड्याळात वेलीची नक्षी आहे, ती कशी काढली असेल, चाक कुठे थांबवलं असेल… मग त्यांच्या बायकोची पाठदुखी, वरच्या मजल्यावरच्यांची भांडणं, सगळं. मी त्यांची अक्कलदाढसुद्धा बघून दिली. … इथेच, स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून. टॉर्च त्यांच्याच हातात. … हसलीस? हस, हस. चोराची अक्कलदाढ! मलाही नंतर हसू आलं. एकटीच हसत होते.

आता तूच सांग. त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं, तर पुढच्या गुरुवारी कोण आलं असतं माझ्याकडे?

… हो. … हो, त्यानंतरही दिली. माहीत असून दिली. … आधी कमी आवडती. कुठलं गेलं तर चालेल, कुठलं गेलं तर जिवाला लागेल, अशी लावून ठेवली होती कप्प्यात. … सगळ्यांतली नाही बदलली. साधी नक्षी असली तर जशीच्या तशी परत यायची. पारख होती बघ त्यांना! … बरं, नाही करत कौतुक.

नाही, पोलीस नकोत. … आणि लेकीला सांग, त्या विकणाऱ्याला एक अक्षर लिहायचं नाही. … कारण मी सांगते म्हणून! … अगं पण पुढचं ऐकायचंय का तुला? मग गप्प बस जरा.

गेल्या गुरुवारी आले ते वेलीचं घड्याळ घेऊन. … हो, तेही जीव की प्राण माझं. पण दुसरं देण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी झाकण उघडलं… आणि आत माझीच वेल! … तीच गं. मी ओळखणार नाही? पानन्‌पान पुसून लखलखीत केलेलं. मी वर बघितलं, तर ते माझ्याकडेच बघत होते. म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही दर वेळी उघडून बघता?"

"हो," म्हटलं. "दर वेळी."

… काही नाही. कप खाली ठेवला. बशीवर वाजला केवढ्यानं. … बोलतायत कसले! गप्पच. आणि मला ती शांतता सोसेना बघ. अगं, ती तर रोजचीच आहे माझ्याकडे, गुरुवारी तरी नको. म्हणून मी आपला कप्पा पुढे ओढला आणि विचारलं, "मग आज कुठलं नेताय?"

… नाही गं, टोमणा नव्हता! तुलाही तेच वाटलं ना? त्यांनाही तेच वाटलं. "माझी लाज काढू नका, डॉक्टर," म्हणाले. आणि मी खरंच विचारत होते, बेबी. अगदी मनापासून विचारत होते.

… तोंड फिरवून बसले थोडा वेळ. रडत असावेत. मग उठले, बुटाच्या नाड्यासुद्धा न बांधता जिना उतरून गेले. हत्यारांची पिशवी इथेच. … टेबलावर आहे अजून. मी हलवली नाही.

… हो. आज गुरुवार. … नाही, अजून नाही आले. एरवी चहाच्या वेळेला येतात. … वाजले किती? … पाच होऊन गेले? अगं, माझ्याकडे प्रत्येक घड्याळाची वेळ निराळी, मला कसं कळणार!

नाही. … नको येऊस. … नवऱ्याला घेऊन तर मुळीच नको. दाराबाहेर तुमच्या दोघांचे बूट दिसले, तर ते जिन्यावरूनच मागे फिरतील.

…

बेबी? … हॅलो? … अगं, रडतेस काय? घड्याळं माझी गेली आणि रडतेस तू? … हो. … हो गं, कळतंय मला. … सांगायला हवं होतं, मान्य. पण काय सांगणार होते? एकटं एकटं वाटतं म्हणून? ह्या वयात? धाकट्या बहिणीला?

… आठवडाभर? खरंच? … आणि तुझ्या नवऱ्याच्या डब्याचं काय? … करू दे, करू दे, शिकेल. … अगं, नाही कशाला म्हणू? ये की. उद्या ये. माझ्याच खोलीत झोप, घोरलीस तरी चालेल, तेवढाच आवाज. … पण गुरुवार तेवढा मला सोड हं. गुरुवारी दुपारची तू कुठेतरी जाऊन ये, सिनेमाला जा, कुठेही जा.

… नाही, रागावले नाही. … गोळी? … हो, रात्रीचीही घेईन. … बेबी, आता ठेव ना गं. … अगं, ते फोन लावत असतील, तर लागायचा नाही त्यांना. … हो, उद्या. … ठेव. … आधी तू ठेव.